वर्गात पोल घेता का? कहूट, मेंटी, कार्डं, बोटं… आणि निकाल दिसल्यावर पुढे काय?

अंशतः_ढगाळ

नाशिकरोडला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. अकरावीची एक तुकडी म्हणजे ऐंशीच्या आसपास पोरं. त्यातली बरीचशी संध्याकाळी कॉलेजरोडला क्लासला जाणारी, म्हणजे माझ्याकडे येईपर्यंत धडा एकदा कानावरून गेलेला. "समजलं का?" विचारलं की एका सुरात "हो मॅडम". या "हो"चा अर्थ "चला पुढे" असतो हे शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

सध्या वर्गात मोबाईलवर पोल घेते. प्राचार्यांकडून तेवढ्यापुरती मोबाईलची परवानगी काढली आहे. एक प्रश्न सांगते. गोटा सरळ वर फेकला, सगळ्यात उंच जागी तो क्षणभर थांबला. त्या क्षणी त्याचं त्वरण किती? शून्य, खालच्या दिशेनं ९.८, वरच्या दिशेनं ९.८, की सांगता येणार नाही? गुरुत्व शिकवून झालेलं, सूत्रं पाठ, उदाहरणं धडाधड सुटतायत. तरी पडद्यावरच्या आलेखात सगळ्यात उंच खांब "शून्य"चा! वेग शून्य झाला म्हणजे त्वरणही शून्य, हे डोक्यात घट्ट बसलेलं. पेपरात हे कधीच दिसत नाही, कारण सूत्रात आकडे टाकले की उत्तर बरोबर येतं.

हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार पोरांना जास्त आवडतो: कहूटसारखी प्रश्नमंजुषा, संगीत, घड्याळ, पहिले तीन नंबर. वर्ग डोक्यावर घेतात. पण तास संपल्यावर त्यांच्याकडे काय उरतं, याबद्दल मला शंका आहे.

तुम्ही कोण काय वापरता? नावासकट घेता की निनावी? आणि मुख्य म्हणजे निम्म्या वर्गाचं चुकलेलं दिसल्यावर काय करता? पुन्हा शिकवता, की "बरोबर उत्तर ब" म्हणून पुढे जाता? अभ्यासक्रम संपवायचा असतोच शेवटी.

खडूची_भुकटी

पंचवटीत सारी नोकरी गणित शिकवण्यात गेली, आता निवृत्त. "हात वर करा" हे जगातलं सगळ्यात जुनं पोल आहे, त्याला ना चार्जर लागतो ना रेंज. ॲपवाल्यांनी तेच रंगवून विकायला काढलंय.

मागचा_बाक

सर, आदर ठेवून सांगतो. हात वर करताना सगळे पहिल्या बाकावरच्या टॉपरकडे बघतात. तिचा हात गेला की आमचे जातात.

खडूची_भुकटी

हे खरं आहे आणि त्यावर उपायही जुनाच आहे. पर्यायांना १ ते ४ क्रमांक द्यायचे. तीन म्हणेपर्यंत सगळ्यांनी गप्प विचार करायचा आणि मग एकदम छातीशी बोटं धरायची. डोक्यावर नाही, छातीशी. मागच्याला पुढच्याची बोटं दिसत नाहीत, मला मात्र समोरून सगळी दिसतात. खांब-बिंब मोजायची गरज नसते. एक नजर फिरवली की वर्ग दुभंगलाय का एका बाजूला आहे ते कळतं.

स्टेथो

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. भुकटी सरांची छातीशी बोटं ही युक्ती मीही वापरते, लेक्चर हॉल मोठा असला तर मोबाईल. पण ढगाळ मॅडमचा खरा प्रश्न "निकाल दिसल्यावर पुढे काय" हा आहे, त्यावर लिहिते.

हार्वर्डच्या एरिक मझूर या भौतिकशास्त्राच्याच प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात याची एक पद्धत बसवली. त्यांचेही विद्यार्थी गणितं सोडवायचे आणि साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडखळायचे. म्हणजे अगदी तुमच्या गोट्याचीच गोष्ट. पद्धत अशी: प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं मत द्यायचं, बरोबर उत्तर सांगायचं नाही. मग शेजाऱ्याला पटवायला दोन-तीन मिनिटं द्यायची आणि तोच प्रश्न पुन्हा मताला टाकायचा. शिक्षकानं बोलायचं ते त्यानंतर. सुरुवातीला त्यांच्याकडेही हातात धरायची कार्डंच होती, क्लिकर (उत्तराचं बटण दाबायची छोटी यंत्रं) नंतर आले.

यात एक आडाखा फार उपयोगी आहे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तरच चर्चेला सोडायचं. त्याहून कमी असतील तर वर्गाला मुळातच कळलेलं नाही, चर्चा म्हणजे आंधळी कोशिंबीर. आधी पुन्हा शिकवा. त्याहून जास्त असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे जा. म्हणजे अभ्यासक्रमाची चिंता तिथेच निम्मी मिटते, कारण प्रत्येक पोलवर दहा मिनिटं जात नाहीत.

खडूची_भुकटी

शेजारी शेजाऱ्याला पटवणार म्हणजे हुशार पोरगं सांगणार आणि बाकीचे मान डोलावणार. त्यात शिकलं कोण?

स्टेथो

सर, हीच शंका अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठातल्या लोकांनी तपासली आहे. २००९ साली सायन्स नियतकालिकात तो अभ्यास आला होता. जनुकशास्त्राच्या वर्गात चर्चा झाल्यावर त्यांनी त्याच संकल्पनेचा पण वेगळ्या रूपातला दुसरा प्रश्न टाकला, आणि तो ज्यानं त्यानं एकट्यानं सोडवायचा होता. नुसती मान डोलावली असती तर दुसऱ्या प्रश्नाला आपटले असते. तसं झालं नाही, सुधारणा टिकली. गंमत म्हणजे ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं असं दिसत होतं, तिथेही ती झाली. वाद घालताना कारणं बाहेर काढावी लागतात, एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

माझ्या वर्गात मी आणखी एक गोष्ट विचारते: उत्तराबद्दल किती खात्री आहे? रुग्णाचं वर्णन, मग पर्याय, मग "पक्कं / वाटतंय / अंदाज". चुकीचं आणि वर "पक्कं" म्हणणारी मुलं मला सगळ्यात आधी हवी असतात. उद्या ती वॉर्डात उभी राहणार आहेत.

अंशतः_ढगाळ

"पक्कं / वाटतंय / अंदाज" उचलते आहे.

पेठ_रोडवरून

जिल्हा परिषदेची शाळा, पेठ तालुका, तिसरी-चौथी एकत्र. आमच्या इथं पोरांकडे मोबाईल हा विषयच नाही. घरात एक असतो तो बापासोबत नाशिकला, नाहीतर द्राक्षाच्या कामावर दिंडोरीकडे गेलेला. रेंज तर डोंगराची मर्जी.

तरी मी पोल घेतो. प्लिकर्स नावाचं आहे. प्रत्येक पोराला एक छापलेलं कार्ड, त्यावर काळ्या चौकटींची नक्षी. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर असेल ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मी माझा एकच मोबाईल वर्गावरून फिरवतो, कॅमेरा सगळी कार्डं वाचतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावासकट मला दिसतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही कळत नाही. साध्या संचात ४० कार्डं, मोठ्यात ६३. म्हणजे ढगाळ मॅडम, तुमच्या ऐंशीला पुरायचं नाही, आम्हाला उरतं.

अनुभवाचे बोल: चकचकीत लॅमिनेशन करू नका. खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. जाड कागदावर छापून पुठ्ठ्याला चिकटवलेलं बरं. आणि पोरं काळ्या भागावर बोटं ठेवतात, त्यांना कडेला धरायला शिकवायला एक तास वेगळा काढा. पण तो तास वाया जात नाही, वरची बाजू, उजवी बाजू, फिरवणं, सगळी भूमिती त्यात होते.

भाषेचं पण लिहितो. आमची पोरं घरी कोकणी बोलतात, म्हणजे इकडची आदिवासी बोली, गोव्याची कोकणी नव्हे. प्रश्न पुस्तकी मराठीत फळ्यावर लिहिला तर चुकलं ते भाषेमुळे की गणितामुळे, कार्ड सांगत नाही. म्हणून मी प्रश्न तोंडी त्यांच्या बोलीत सांगतो आणि पर्याय चित्रांत देतो. तेव्हा कळतं की पोराला येत होतं, प्रश्नच कळत नव्हता.

रानजाई

गुरुजी, शेवटचा परिच्छेद शिक्षणशास्त्राच्या वर्गात वाचून दाखवायला हवा. रेंज गेली की काय करता?

पेठ_रोडवरून

ताई, चार रंगांचे पुठ्ठे. लाल, पिवळा, हिरवा, निळा. डोळे मिटून वर करायचे. डोळे मिटायला पोरांना भारी आवडतं. अर्धी फटीतून बघतात ते सोडा.

मागचा_बाक

विद्यार्थ्यांची बाजू मांडायला मी एकटाच दिसतोय, तर लिहून घेतो. बारावी झालो, आता इंजिनीअरिंगला.

कहूटमध्ये बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण असतात, आणि जितका उशीर कराल तितके ते कमी होतात. म्हणजे विचार करणाऱ्याला दंड. माझा मोबाईल जुना होता, पान उघडेपर्यंत बाजूच्यानं दाबलेलं असायचं. प्रश्न पडद्यावर आणि हातात नुसते चार रंग: लाल त्रिकोण, निळा शंकरपाळा, पिवळा गोल, हिरवा चौरस. मागच्या बाकावरून पडदा नीट दिसत नसेल तर संपलंच. मग आम्ही काय करायचो? जिंकणाऱ्याच्या मागं बसून रंग बघायचा आणि दाबायचं. एकाला प्रश्न कळला की अख्खी रांग बरोबर.

आणि खेळात शिरायचा कोड बाहेर जातो. कोणीतरी गटावर टाकतो, मग दुसऱ्याच कॉलेजातली पोरं घरी बसून आत येतात, नावं अशी टाकतात की सरांना प्रोजेक्टर बंद करायला लागतो. पडद्यावर येणारी नावं मोकळी सोडलीत तर हे होणारच. हजेरी क्रमांक टाकायला लावा.

पण एक सांगतो, चांगला पोल आठवतो मला. अकरावीत केमिस्ट्रीच्या सरांनी एकदा पोलवर उत्तरच सांगितलं नाही. म्हणाले उद्या बघू. आम्ही पार्किंगमध्ये भांडत होतो.

खडूची_भुकटी

हे सर भेटले तर त्यांना माझा नमस्कार सांग.

वायरमन

मी शिक्षक नाही. दोन-तीन संस्थांचं नेटवर्क बघतो आणि असल्या कार्यक्रमांना "चालत नाही" म्हणून पहिला फोन मला येतो. थोडं तांत्रिक.

वर्गातला राउटर घरगुती असेल तर साठ-सत्तर मोबाईल एकाच मिनिटात जोडले की तो मान टाकतो. दोष ॲपचा नसतो. पोरांना स्वतःचा डेटा वापरू द्या, पोलला डेटा अगदी किरकोळ लागतो. कोड फळ्यावर लिहाच, क्यूआर फक्त पडद्यावर ठेवला तर मागचे झूम करत बसतात.

कहूट नॉर्वेचं, ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेलं, २०१३ पासून लोकांसाठी खुलं. मागच्या_बाकाला सांगतो: त्यात प्रश्नाची वेळ चार मिनिटांपर्यंत वाढवता येते आणि प्रश्न बिनगुणांचाही ठेवता येतो. शिक्षक ते बदलत नाहीत, हा वेगळा मुद्दा. मेंटीमीटर (मेंटी) स्वीडनचं, ते स्पर्धेपेक्षा मतं गोळा करायला चांगलं. स्लायडो स्लोव्हाकियाचं, आता सिस्कोकडे आहे. सभेत प्रेक्षकांकडून प्रश्न मागवायचे आणि ज्या प्रश्नाला जास्त पसंती तो वर, यासाठी मला तेच बरं वाटतं. क्विझिझ आपल्या बंगळूरचं, २०१५ चं. त्याचं नाव आता वेग्राउंड झालंय, जुन्या नावानं शोधून गोंधळू नका. त्यात प्रश्न प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो आणि ज्यानं त्यानं आपल्या गतीनं जायचं, त्यामुळे घरच्या सरावाला चालतं.

फुकट खात्याच्या मर्यादा या मंडळींकडे सारख्या बदलतात. किती जण, किती प्रश्न, हे तासाच्या आदल्या दिवशी स्वतः तपासा, कोणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. आणि काहीच नको असेल तर गूगल फॉर्म आहेच. प्रश्न मराठीत, फुकट, आणि "प्रतिसाद"मध्ये आलेख आपोआप भरत जातो. झगमगाट नाही एवढंच.

एक कायद्याचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलेलं आहे आणि मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हा त्यातला मुख्य धागा आहे. शाळांना काय सवलत, काय नाही, ते संस्थेनं बघावं. तुम्ही तुमच्यापुरतं पूर्ण नाव, मोबाईल नंबर, ईमेल मागू नका. हजेरी क्रमांकानं सगळं भागतं.

मुक्तछंद

मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्रं घेतो. आमचे विद्यार्थी म्हणजे सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पाळी करून येणारे, दुकान सांभाळून येणाऱ्या बायका, पस्तिशीत पुन्हा पुस्तक उघडलेले लोक. यांच्यासाठी निनावीपणा ही चैन नाही, गरज आहे. दहावीनंतर वीस वर्षांनी वर्गात बसलेला माणूस तिशीच्या माणसासमोर चुकायला तयार नसतो. तो गप्प बसतो आणि पुढच्या रविवारी येत नाही.

म्हणून माझा पहिला पोल कधीच धड्यावर नसतो. "आज इथं पोचायला काय आडवं आलं?" पाळी, घरचं काम, बस, झोप. सगळे हसतात, कारण पडद्यावर आपल्यासारखेच बाकीचे दिसतात. त्यानंतरच्या प्रश्नाला बोटं थरथरत नाहीत.

ऑनलाइन सत्रात माझी आवडती गोष्ट फुकट आहे. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी चॅटमध्ये उत्तर टाइप करायचं पण पाठवायचं नाही. मी "तीन, दोन, एक, सोडा!" म्हणतो आणि एकदम धबधबा कोसळतो. कोणाला कोणाचं बघायला वेळच मिळत नाही. झूम असो, मीट असो, कुठेही चालतं, वेगळं साधन लागत नाही. झूमच्या फुकट बैठकीची ४० मिनिटं असतात, त्यातली पाच तरी "सर आवाज येत नाही"मध्ये जातात. त्यात पोलची दुसरी खिडकी उघडायला सांगणं म्हणजे मोबाईलवरून जोडलेल्या निम्म्या लोकांना बाहेर घालवणं. लॅपटॉपवाल्या शिक्षकाला हे दिसत नाही.

द्राक्षबाग

वर्गातला नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. दिंडोरी-निफाड पट्ट्यात बागायतदारांची प्रशिक्षणं घेतो. व्हॉट्सॲपवर गट आहे, त्यातच पोल टाकतो, सगळ्यांना सवयीचं आहे.

रानजाई

दादा, व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं ना? माझ्या वर्गाच्या गटात म्हणूनच मी तो सहलीच्या तारखेपलीकडे वापरत नाही. पहिल्या पाच मतांनंतर बाकीचे त्याच बाजूला जातात. आणि एखादीनं वेगळं मत दिलं तर तिला दुपारी त्यावरून चिडवतात.

द्राक्षबाग

दिसतं, आणि आमच्याकडे नेमका त्याचाच उपयोग होतो. सांगतो कसा.

पानाचा फोटो टाकायचा. हे काय आहे? भुरी, डाऊनी, उन्हाचा चट्टा, औषधाचा डाग? बारा पर्यायांपर्यंत देता येतात, चार पुरे. गटात तीस-तीस वर्षं बाग केलेली माणसं आहेत. एक म्हणतो भुरी, दुसरा म्हणतो डाऊनी, आणि दोघांची नावं समोर. मग कारणं सुरू होतात. डाऊनी असेल तर पानाच्या वरून तेलकट पिवळा डाग आणि पान उलटलं की खाली पांढरी कापसासारखी वाढ. भुरी असेल तर राख भुरभुरल्यासारखी पांढरी पूड, वरच्या बाजूलाही. कोणीतरी विचारतोच, "पान उलटून फोटो टाका की". तोपर्यंत मी टाकत नाही. ज्याला पान उलटून बघावंसं वाटलं, तो शिकला. दोन्हीची औषधं वेगळी, चुकीची फवारणी म्हणजे पैसा पाण्यात आणि रोग बागेत. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) पाऊस लांबला की हा प्रश्न रोजचा.

नावानिशी असल्यामुळे कोणी उगाच दाबत नाही. पण ही बरोबरीची, एकमेकांना ओळखणारी माणसं आहेत. सोळा वर्षांच्या पोरांचं वेगळं, ताईंचं बरोबर आहे.

स्टेथो

पान उलटलेला फोटो मागेपर्यंत न टाकणं, हे आमच्याकडे वॉर्डात हवं. आमचे विद्यार्थी तपासणीच्या आधीच रिपोर्ट मागतात.

रानजाई

मी पदवीला मराठी शिकवते. माझ्याकडे बरोबर उत्तर असलेले प्रश्न थोडे, म्हणून शब्दांचा ढग करायला गेले. कविता वाचली, एका शब्दात काय वाटलं ते लिहा. जो शब्द जास्त जणांचा तो मोठा दिसणार.

मराठीत हा ढग फसवतो. "दुःख" कोणी विसर्गानं लिहिलं, कोणी विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकला, कोणी "दुख" लिहिलं, आणि निम्म्यांनी रोमन लिपीत. यंत्राला हे चार वेगळे शब्द. "एकटेपणा", "एकटेपण", "एकाकी" आणखी तीन. सगळे बारीक बारीक. आणि मधोमध मोठ्ठा कोण? "छान". कारण "छान" लिहायला चुकता येत नाही! पडदा बघून एखाद्याला वाटेल की वर्गाला कविता छान वाटली आणि विषय संपला.

आता मी सहा-सात शब्द स्वतः देते आणि त्यातला निवडायला सांगते; दोन शब्द मुद्दाम न पटणारे घालते. मग चर्चा, मग पुन्हा तोच पोल. मी मोजते ते फक्त एवढंच की किती जण हलले. आणि हललेल्यांना विचारते की कोणत्या ओळीमुळे. तिथून तास सुरू होतो.

अजून एक, सगळ्यांसाठी: मतदान चालू असताना निकालाचे खांब दाखवू नका. बहुतेक साधनांत निकाल लपवायची सोय असते. खांब वाढताना दिसले की उशिरा मत देणारे उंच खांबाला जाऊन मिळतात.

अंशतः_ढगाळ

धागा अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेला. ऐंशीसाठी बोटं आणि अधूनमधून मोबाईल, असं ठरवतेय. निकाल लपवून, दोन फेऱ्या, हजेरी क्रमांक. कहूट शेवटच्या तासाला, मजेसाठी, वेळ वाढवून.

द्राक्षबाग दादा, तुमच्यावरून एक प्रश्न सुचलाय. माझा विषय नाही, पण जीवशास्त्राच्या मॅडमना देणार आहे. "द्राक्षाच्या वेलीचं वजन मुख्यतः कुठून येतं? अ) माती ब) पाणी क) हवा ड) खत." उत्तर हवा. प्रकाशसंश्लेषण पाठ असूनही पोरं माती म्हणणार, पैजेवर सांगते.

खडूची_भुकटी

थांबा. प्रश्न कच्चा आहे. वेल ओली की वाळलेली?

हिरव्या, जिवंत वेलीचं वजन केलंत तर त्यात पाणीच पाणी. द्राक्षाच्या मण्यात तर साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. बागायतदाराचा पोरगा "पाणी" म्हणेल आणि तो बरोबर असेल. तुम्ही त्याला चूक ठरवाल, आणि तो पुन्हा कधी बोट वर करणार नाही. पोलमध्ये हाच धोका असतो, तोंडी प्रश्नाला पोरगं "म्हणजे काय मॅडम?" विचारतं, पोलमध्ये विचारायला जागाच नाही.

द्राक्षबाग

सर बरोबर बोलले. मी स्वतः पाणीच दाबलं असतं.

अंशतः_ढगाळ

"खरड छाटणीत निघालेल्या काड्या उन्हात कडकडीत वाळवल्या. या वाळलेल्या लाकडाचा बहुतेक भाग कुठून आला?" असं केलं तर? वाळलेल्या लाकडात साधारण निम्मा कार्बन, तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला.

खडूची_भुकटी

आता पक्का झाला. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये हेल्माँटची गोष्ट सांगा. सतराव्या शतकातला बेल्जियमकडचा माणूस. कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती, त्यात वाळुंजाचं रोप, पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६० पौंडांहून जास्त वाढलं आणि माती कमी झाली सुमारे २ औंस! त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. म्हणजे मातीवाले आपोआप गारद, पण तो स्वतः "ब"वर अडकला. गोष्ट "ब" वाल्यांनाही धीर देईल आणि हवेचं नाव काढायचं काम पोरांकडेच राहील.

पेठ_रोडवरून

हा प्रश्न चौथीला पण घेतो. चित्रं माती, मडकं, वारा, शेणखत. वाऱ्याचं चित्र कसं काढू तेवढं सांगा कोणीतरी.

रानजाई

वाकलेलं झाड आणि उडालेली टोपी.

पेठ_रोडवरून

झाड नको ताई, प्रश्नच झाडाचा आहे, पोरं झाड बघून तेच धरतील. टोपी चालेल.

मुक्तछंद

मला हा प्रश्न रविवारी मोठ्यांवर वापरून बघायचा आहे. मॅडम, "ड" खत ठेवलंय, ते कशाला? कोण जाणार तिकडे?

द्राक्षबाग

खताची बिलं भरणारा प्रत्येक माणूस.